नागपुरातून व्हेटरनरी डॉक्टर व्हायचंय? अकरावीपासून रजिस्ट्रेशनपर्यंत काय काय करायचं ते सगळं

नीटचा निकाल लागला की दरवर्षी माझ्या फोनवर तेच सुरू होतं, कोणाची भाची, कोणाचा लहान भाऊ, गावातल्या कोण्या काकांचा पोरगा, "ताई एमबीबीएसचं नाही जमलं, आता व्हेटरनरीचं सांगा ना काय करायचं". मी सांगते, अगदी मनापासून सांगते, पण दरवेळी वाईट याचंच वाटतं की हा प्रश्न निकालानंतर विचारल्या जातो, जेव्हा अर्धी कामं करायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी काटोलकडची, घरी चार म्हशी आणि एक गवळाऊ गाय होती, सेमिनरी हिल्सच्या कॉलेजातून डिग्री केली आणि आता मोठ्या जनावरांची प्रॅक्टिस करते, त्यामुळे जे लिहून राहिले ते आपल्या विदर्भातल्या पोट्ट्या-पोट्टींना डोळ्यासमोर ठेवून.

पायरी 1: फॉर्मच्या आधी सात सकाळी द्या

ही पायरी कुठल्याच माहितीपत्रकात नसते आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी आहे. बरेच जण "मला कुत्री-मांजरं फार आवडतात" म्हणून येतात, आवडायलाच पाहिजेत, पण ही डिग्री फक्त कुत्र्या-मांजरांची नाही, ती गाय, म्हैस, शेळी, घोडा, डुक्कर, कोंबडी सगळ्यांची आहे, आणि तिच्या नावातच पुढे पशुसंवर्धन आहे, म्हणजे चारा, गोठा, दूध, जाती, पैदास हेही सगळं शिकावं लागतं. नागपुरात धरमपेठेत किंवा बर्डीजवळ एसी क्लिनिक टाकायचं स्वप्न असेल तर ते पूर्ण होऊ शकतं, पण त्याच्या आधी म्हशीच्या मागे उभं राहून खांद्यापर्यंत हात घालून गाभण तपासणी करायला शिकावंच लागेल, त्याला पर्याय नाही.

तर काय करायचं, दहावी-अकरावीच्या सुट्टीत सात दिवस सकाळी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन बसा. गावात जिल्हा परिषदेचा दवाखाना असतो, शहरात असाल तर कॉलेजच्या क्लिनिकला ओपीडीत जनावरं येतात, तिथं डॉक्टरांना विनंती करून लांबून पाहू द्या म्हणा. रक्त, शेण, पू, वास, मालकाचं रडणं, जनावराची लाथ हे सगळं एकदा बघून घ्या. शहरातल्या मोकाट गायीच्या पोटाचं ऑपरेशन बघायला मिळालं तर चुकवू नका, रुमेन म्हणजे पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा उघडल्यावर आतून प्लास्टिकच्या पिशव्यांचा जो दोरासारखा गुंता निघतो, त्यातच कधी खिळा, कधी तार, तो एकदा बघितला की माणूस रस्त्यावर पिशवी टाकत नाही. सातव्या दिवशीही आठव्या दिवशी जावंसं वाटलं तर तुम्ही योग्य ठिकाणी येताय. नाही वाटलं तर त्यात लाज काही नाही, साडेपाच वर्षं वाचली.

पायरी 2: डिग्री एकच आहे, हे डोक्यात पक्कं करा

भारतात जनावरांचा डॉक्टर व्हायला एकच डिग्री चालते, बॅचलर ऑफ व्हेटरनरी सायन्स अँड अ‍ॅनिमल हजबंड्री, आपण सगळे बीव्हीएस्सी म्हणतो. साडेचार वर्षं शिक्षण आणि वर पूर्ण एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे साडेपाच. बीएस्सी झुलॉजी करून, बीएस्सी अ‍ॅग्री करून, ऑनलाइन "पेट केअर" सर्टिफिकेट घेऊन कोणी व्हेटरनरी डॉक्टर होत नाही. आपल्या देशात यासाठी 1984 चा कायदा आहे, इंडियन व्हेटरनरी कौन्सिल अ‍ॅक्ट, त्याचं कलम 30 स्पष्ट सांगतं की कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या माणसालाच पशुवैद्यकीय प्रॅक्टिस करता येते.

डिप्लोमाचं विचारणारे खूप असतात म्हणून तेही सांगते. पशुसंवर्धनाचा डिप्लोमा असतो, तो करून पशुधन पर्यवेक्षक म्हणून काम करता येतं, लसीकरण, कृत्रिम रेतन, मलमपट्टी अशी लहान सेवा, तीही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. खेड्यापाड्यात या लोकांनी फार काम केलेलं आहे आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण डिप्लोमा आणि डिग्री या दोन वेगळ्या वाटा आहेत, "डिप्लोमा केला की मग डॉक्टर लावता येतं" असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. ज्याला डॉक्टरच व्हायचंय त्यानं बारावी सायन्स आणि नीट हीच वाट धरावी.

पायरी 3: अकरावी-बारावी आणि नीट

फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी, हे चार पाहिजेतच. गणित नसलं तरी चालतं, पण बायोलॉजी सोडून फक्त गणित घेतलं तर दार बंद. बारावीला या विषयांत मिळून खुल्या वर्गाला 50 टक्के लागतात, राखीव वर्गांना सवलत आहे. वयाची अट म्हणजे अ‍ॅडमिशनच्या वर्षी 31 डिसेंबरला 17 पूर्ण पाहिजेत.

नीटचा पेपर 720 मार्कांचा, 180 प्रश्न, त्यात बायोलॉजीचे 90 म्हणजे निम्मे मार्क तिथंच, बरोबरला 4 आणि चुकीला वजा 1. एमबीबीएससाठी जी नीट तीच आपली, वेगळी परीक्षा नाही. माझं ऐकाल तर एक करा, अभ्यास करताना "व्हेटरनरीला कमी लागतात" हे वाक्य कानावर घेऊ नका, कारण आता तसं राहिलेलं नाही, आणि कटऑफ दरवर्षी हलतो, कॅटेगरीप्रमाणे हलतो, राउंडप्रमाणेही हलतो. मागच्या वर्षीचा आकडा बघून निर्धास्त झालेली पोरं शेवटच्या राउंडपर्यंत जीव मुठीत धरून बसलेली मी पाहिली आहेत. निम्मे मार्क बायोलॉजीत आहेत तर एनसीईआरटीची पुस्तकं ओळ न ओळ झाली पाहिजेत. फिजिक्समध्ये आपली मराठी माध्यमातली मुलं घाबरतात, त्यांनी निदान सोपे चॅप्टर पक्के करावे आणि तिथले मार्क सोडू नयेत.

पायरी 4: कागद, कागद, कागद

इथं मी थोडं जास्त लिहिणार आहे कारण हुशार पोरं इथं मार खातात. माझ्या ओळखीतली एक मुलगी, मार्क चांगले, नाव लागलं, आणि जात वैधता प्रमाणपत्र वेळेत हातात नव्हतं म्हणून ती सीट गेली आणि पूर्ण वर्ष गेलं. ती पुढच्या वर्षी लागली, पण ते वर्ष तिच्या घरच्यांनी कसं काढलं ते मला माहीत आहे.

त्यामुळे अकरावीतच फाईल करा. दहावी-बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, आधार, नीटचं अ‍ॅडमिट कार्ड आणि स्कोअरकार्ड. राखीव वर्गात असाल तर जातीचा दाखला आणि त्यासोबत जात वैधता, आणि ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी असाल तर नॉन क्रिमीलेअर, त्याची तारीख बघून घ्या कारण तो कायमचा नसतो. ईडब्ल्यूएसचा दाखलाही चालू वर्षाचा लागतो. वैधतेचा अर्ज अकरावीत कॉलेजमार्फत देता येतो, बारावीच्या निकालानंतर देऊन दोन महिन्यांत मिळेल असं धरून चालू नका. सेतू केंद्रात जूनमध्ये जी गर्दी असते ती डिसेंबरमध्ये नसते, मग डिसेंबरमध्येच जा ना. आणि प्रत्येक कागदावर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का बघा, आईचं नाव एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

पायरी 5: फॉर्म दोन ठिकाणी भरायचा आहे

सगळ्यात जास्त घोटाळा इथं होतो. एमबीबीएस-बीडीएसचा जो फॉर्म भरता त्यात व्हेटरनरी आपोआप येत नाही. आपल्या राज्यातल्या जागांसाठी माफसू, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, आपली वेगळी प्रवेश प्रक्रिया घेतं, त्याच्या वेबसाइटवर वेगळा अर्ज करावा लागतो, नीटच्या मार्कांवर मेरिट लिस्ट लागते. राज्याच्या 85 टक्के जागा या वाटेनं भरतात. उरलेल्या 15 टक्के जागा ऑल इंडिया कोट्याच्या, त्या व्हेटरनरी कौन्सिल ऑफ इंडिया भरते, आपण तिला व्हीसीआय म्हणतो, तिच्या वेबसाइटवर परत वेगळं रजिस्ट्रेशन आणि वेगळं काउन्सेलिंग. दोन्हीकडे भरा. ऑल इंडियातून बाहेरच्या राज्यात लागलं तर जायचं की नाही ते नंतर ठरवता येतं, पण फॉर्मच भरला नाही तर ठरवायला काही उरतच नाही.

जून ते शेवटचा राउंड संपेपर्यंत दोन्ही वेबसाइट रोज सकाळी उघडायच्या, सवयच लावून घ्या, चहा घेता घेता. तारखा पुढे-मागे होतात, सूचना संध्याकाळी येते आणि दोन दिवसांत रिपोर्टिंग असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डवर विश्वास ठेवायचा नाही, आणि "डोनेशन देऊन सरकारी कॉलेजात लावून देतो" म्हणणारा माणूस घरी आला तर त्याला पाणी पाजून परत पाठवायचं, पैसे द्यायचे नाहीत.

पायरी 6: कॉलेज कसं निवडायचं

नागपूरकरांचं नशीब चांगलं, माफसूचं मुख्यालयच इथं आहे फुटाळ्याच्या बाजूला, विद्यापीठ 2000 साली झालं, पण सेमिनरी हिल्सचं नागपूर व्हेटरनरी कॉलेज त्याच्याही कितीतरी आधीचं, 1958 चं. राज्यात सगळ्यात जुनं मुंबईचं, 1886 चं, आणि मग परभणी, उदगीर, साताऱ्याकडे शिरवळ. अकोल्याला पीजी इन्स्टिट्यूट आहे. पसंतीक्रम भरताना लोक नावाकडे बघतात, मी म्हणते केसेसकडे बघा. मुंबईत पेट अ‍ॅनिमल खूप, परभणी-उदगीरला आजूबाजूच्या गावांतून बैल, म्हैस, शेळी जास्त, नागपुरात दोन्ही येतात आणि वर जंगल जवळ आहे, त्यासाठी गोरेवाड्याला विद्यापीठाचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. हॉस्टेल मिळतं का, क्लिनिकला रोज किती जनावरं येतात, हे सिनियरला फोन करून विचारा, सिनियर सांगतात.

कुठलंही नवीन किंवा खाजगी कॉलेज घेण्याआधी ते व्हीसीआयच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का हे स्वतः तपासा. कोणाच्या शब्दावर जाऊ नका. मान्यता नसलेल्या कॉलेजची डिग्री घेऊन नोंदणी होत नाही आणि नोंदणी नाही तर प्रॅक्टिस नाही, वर लिहिलंच आहे. फीची काळजी असेल तर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज असतात, कॅटेगरीप्रमाणे आणि ईबीसीवाल्यांसाठीही, पहिल्या वर्षीच भरा आणि दरवर्षी रिन्यू करायला विसरू नका.

पायरी 7: आत गेल्यावर काय असतं

पहिलं वर्ष अ‍ॅनाटॉमीचं. फॉर्मेलिनच्या वासानं डोळ्यांत पाणी येतं, हाडांच्या पेट्या हातात, म्हशीचा सांगाडा मुख्य धरून मग घोडा कसा वेगळा, कुत्रा कसा वेगळा, कोंबडी कशी वेगळी असं शिकायचं. माणसाच्या डॉक्टरला एकच शरीर असतं आणि आपल्याला सात-आठ, हे वाक्य सगळे बोलतात पण त्याचा अर्थ पहिल्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला कळतो. साधी गोष्ट घ्या, गायीचा गाभणकाळ साधारण 280 दिवस, म्हशीचा 310, शेळीचा 150, कुत्रीचा 63, आणि असं प्रत्येक गोष्टीचं, टेंपरेचरचं, औषधाच्या डोसचं. मांजराला पॅरासिटामॉल दिलं तर ती मरू शकते, हे फार्माकॉलॉजीत शिकता आणि पुढे आयुष्यभर मालकांना सांगत बसावं लागतं.

सोबत फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, पशुधन व्यवस्थापन. पुढे मायक्रोबायोलॉजी, पॅथॉलॉजी, पॅरासायटॉलॉजी, न्यूट्रिशन, जेनेटिक्स, मग फार्माकॉलॉजी, पब्लिक हेल्थ, आणि शेवटाकडे मेडिसिन, सर्जरी, गायनॅक. हजेरी 75 टक्के लागतेच. जातींच्या धड्यात आपलीच जनावरं भेटतात, वर्ध्याकडची गवळाऊ, लांब शिंगांची नागपुरी म्हैस, बेरारी शेळी, गडचिरोली-चंद्रपूरकडची कठाणी गाय. जे लहानपणी गोठ्यात पाहिलं ते पुस्तकात छापलेलं बघून मला त्या दिवशी खूप बरं वाटलं होतं, घरी फोन करून सांगितलं.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीची भीती धरू नये, शब्द तर सगळ्यांनाच नवे असतात, सीबीएसईवाल्यालाही अ‍ॅबोमेझम, म्हणजे गायीच्या पोटाचा चौथा कप्पा, माहीत नसतं. आणि उलट शेतकऱ्याशी बोलताना तुमची मराठी कामी येते. घटसर्प, फऱ्या, खुरकूत, पोटफुगी, वार अडकणं, हे शब्द ज्याला घरातूनच माहीत आहेत त्याला हिस्ट्री, म्हणजे आजाराची आधीची माहिती, लवकर मिळते, आणि मुकं जनावर बोलत नाही म्हणून अर्धं निदान मालकाच्या बोलण्यातूनच काढायचं असतं.

एक काम पहिल्या महिन्यात करा, रेबीजची आधीच घ्यायची लस घेऊन टाका. चावल्यानंतरची वेगळी, ही आधीची. रेबीजची लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही, आणि आपल्याला तोंडात हात घालावा लागतो, कुत्र्याच्याच नाही, "घशात काहीतरी अडकलंय" म्हणून आणलेल्या गायीच्याही. गायीलाही रेबीज होतो आणि तो सुरुवातीला असाच दिसतो. ग्लोव्ह्जशिवाय तोंडात हात नाही, हा नियम कधीच मोडायचा नाही. गाभ पाडणाऱ्या आणि माणसालाही लागणाऱ्या ब्रुसेला जंतूचंही तसंच, गाभ टाकलेल्या जनावराची वार उघड्या हातानं काढायची नाही, मालक कितीही घाई करो.

पायरी 8: इंटर्नशिप आणि नोंदणी

शेवटची परीक्षा झाली की स्टेट कौन्सिलची प्रोव्हिजनल नोंदणी आणि मग एक वर्ष इंटर्नशिप, कॉलेजचं क्लिनिक, फार्म, सरकारी दवाखाने असं फिरत. हे वर्ष काही जण पीजीच्या अभ्यासात घालवतात, क्लिनिकमध्ये सही करून लायब्ररीत जातात, माझा याला स्पष्ट विरोध आहे. हात इथंच बसतो. शीर सापडणं, सलाइन लावणं, टाके, खोड्यात जनावर घेणं, हे नंतर कोणी शिकवत नाही, नंतर मालक समोर उभा असतो.

माझी पहिली स्वतंत्र केस रात्री दोनची होती, म्हैस अडलेली, पिल्लाची मान मागे वळलेली, मालक काका टॉर्च धरून उभे आणि काकू दारात हात जोडून. मान सरळ करायला पाऊण तास लागला, हाताला मुंग्या आल्या होत्या. पारडी जिवंत निघाली. तो हात मला इंटर्नशिपनं दिला होता, जिथं आमच्या मॅडम आधी आम्हाला हात घालायला लावायच्या, काय लागतंय ते बोलायला लावायच्या आणि मग स्वतः तपासायच्या.

इंटर्नशिप संपली की महाराष्ट्र स्टेट व्हेटरनरी कौन्सिलची कायम नोंदणी करा, तिचं ऑफिस आपल्या नागपुरातच आहे. नंबर मिळाला की तुम्ही डॉक्टर. नोंदणी दर पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते, तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

पायरी 9: मग पुढे काय

सरकारी नोकरी हवी तर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, गट अ. खाजगीत डेअरी, पोल्ट्री, औषध कंपन्या, विमा. आर्मीत रिमाउंट व्हेटरनरी कोअर आहे, घोडे, खेचरं आणि श्वानपथकांसाठी, तिथं जाणाऱ्यांनी फिटनेस कॉलेजपासूनच ठेवावा. स्वतःची प्रॅक्टिस करायची असेल तर लगेच दुकान टाकू नका, वर्ष-दोन वर्षं एखाद्या चांगल्या डॉक्टरांकडे काम करा.

स्पेशालिस्ट व्हायचं तर एमव्हीएस्सी, दोन वर्षं, सर्जरी, मेडिसिन, गायनॅक, पॅथॉलॉजी असे विषय, विद्यापीठाची प्रक्रिया असते आणि आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची देशपातळीवरची परीक्षा देऊन बरेलीजवळच्या आयव्हीआरआय, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेसारख्या ठिकाणीही जाता येतं. ही आयव्हीआरआय 1889 मध्ये आपल्या पुण्यात सुरू झाली होती, मग मुक्तेश्वरला गेली. पुढे पीएचडी, ज्यांना शिकवायचंय किंवा संशोधन करायचंय त्यांनी. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा गावोगाव शेळ्यांच्या देवीची लस गायींना दिली, ती गायीला का चालते, कितपत चालते, हे कोणीतरी लॅबमध्ये बसून आधी शोधलेलं असतं म्हणून आम्ही गोठ्यात उभे राहू शकतो.

परदेशाचं थोडक्यात. अमेरिकेत डिग्रीला डीव्हीएम म्हणतात, तिथली मुलं आधी कॉलेज करून मग चार वर्षं व्हेटरनरी शिकतात. आपली बीव्हीएस्सी घेऊन तिथं प्रॅक्टिस करायची तर ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह, म्हणजे परदेशी डिग्री तपासणारे तिथले कार्यक्रम, या वाटेनं जाऊन नॅव्हली ही तिथली लायसन्सची परीक्षा द्यावी लागते, ब्रिटनला तिथल्या पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेजची परीक्षा. वेळ आणि पैसा दोन्ही भरपूर लागतं. उलट बारावीनंतर परदेशात शिकून इथं परत यायचा विचार असेल तर पैसे भरायच्या आधी ती डिग्री भारतात मान्य आहे का हे व्हीसीआयकडून लेखी घ्या.

आणि शेवटचा प्रश्न, जो नागपुरात प्रत्येक दुसरं पोरगं विचारतं, वाघांचा डॉक्टर कसं व्हायचं. पेंच आणि ताडोबा इतके जवळ असल्यावर विचारणारच. त्याची वेगळी डिग्री बारावीनंतर नाही, आधी हीच बीव्हीएस्सी, मग मेडिसिन, सर्जरी, पॅथॉलॉजी किंवा वाइल्डलाइफमध्ये पीजी. वनखात्यात जे पशुवैद्यक दिसतात त्यातले बरेच पशुसंवर्धन विभागातून प्रतिनियुक्तीवर गेलेले असतात, म्हणजे त्यांनीही आधी गाई-म्हशीच तपासल्या. सेमिनरी हिल्सलाच वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी पक्षी, माकडं, हरणं तिथं येतात, कॉलेजात असताना तिथं परवानगी काढून जात राहा. डार्ट मारून बेशुद्ध केलेल्या वाघाजवळ बसून श्वास मोजणाऱ्या डॉक्टरचा फोटो सगळ्यांना आवडतो, पण त्या इंजेक्शनचा डोस काढताना वजनाचा जो अंदाज डोळ्यानं घ्यावा लागतो, तो त्यानं कुठल्यातरी गावच्या गोठ्यात हजार जनावरं बघून कमावलेला असतो.